बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी

बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणजे जठर लहान करून किंवा आतड्यातला अन्नाचा रस्ता बदलून वजन कमी करायची ऑपरेशनं. कातडीखालची चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, ते वेगळं आणि कॉस्मेटिक, दोन्हींची गल्लत अजून बऱ्याच घरांत होते म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. डायबेटिस, बीपी, झोपेत श्वास अडकणं अशा आजारांवर या ऑपरेशनचा जो परिणाम होतो त्यामुळे हल्ली याला मेटाबॉलिक सर्जरीही म्हणतात. सध्या आपल्याकडे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी आणि बायपासचे दोन प्रकार, रू-एन-वाय आणि मिनी, एवढीच मुख्यतः होतात. जठराभोवती बँड बसवायची पद्धत बरीचशी मागे पडली.

पहिलं ऑपरेशन कोणाचं : या विषयाच्या इतिहासात दहाव्या शतकातला स्पेनमधल्या लिओनचा राजा सांचो हटकून येतो. जाडपणापायी गादी गेली, आजीने त्याला कोर्दोबाला हसदाई इब्न शाप्रूत या ज्यू वैद्याकडे नेलं, तिथे तो बारीक झाला आणि साधारण 960 च्या सुमारास गादी परत मिळवली, इथपर्यंत ठीक आहे. वैद्याने त्याचे ओठच शिवून टाकले होते हा भाग मात्र नंतर चिकटलेला दिसतो, आणि खरा धरला तरी ते जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन होत नाही. आपल्याकडे चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या 21व्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे आठ दोष दिलेत, आयुष्य घटणं, हालचाल मंदावणं, दुर्बलता, घाम, दुर्गंधी, अतिभूक, अतितहान वगैरे. आजच्या डॉक्टरला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल, पण उपचार सगळे आहार, व्यायाम आणि औषधांचे आहेत. त्यामुळे हे ऑपरेशन प्राचीन काळी आपल्याकडे होतं असं म्हणायला तिथे तरी आधार नाही.

आधुनिक काळातला वाद जास्त किचकट आहे. बऱ्याच पुस्तकांत 1954 साल आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले क्रेमेन आणि लिनर ही नावं मिळतात. पण त्यांचा तो पेपर मुख्यतः कुत्र्यांच्या लहान आतड्यावरच्या प्रयोगांचा आहे, माणसावर केलेल्या आतड्याच्या बायपासचा उल्लेख त्यात ओघात येतो. त्याच विद्यापीठातल्या रिचर्ड वार्को यांनी वर्षभर आधी, म्हणजे 1953 च्या आसपास, असंच ऑपरेशन केलं होतं असं सांगतात, पण त्यांनी ते छापलं नाही. आणि या दोघांच्याही आधी 1952 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी एका बाईचं 105 सेंमी लहान आतडं काढून टाकल्याचं छापील आहे. छापील पुरावा हा निकष लावला तर मान हेन्रिक्सनचा, पण त्यांनी आतडं कापून काढलं होतं, बायपासचा जोड दिला नव्हता, म्हणून बायपासपुरतं मिनेसोटाच म्हणावं लागतं. मला स्वतःला हा सगळा वाद थोडा बाजूचा वाटतो, कारण आतड्याच्या त्या बायपासने वजन उतरलं तरी जुलाब, किडनी स्टोन, लिव्हर निकामी होणं यांनी पेशंट बेजार झाले आणि 1980 पर्यंत ते जवळजवळ बंदच पडलं. आज जे करतात त्याचं मूळ अमेरिकेतल्याच आयोवात आहे. तिथल्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन नंतर वाढत नाही, त्यावरून त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी 1966 मध्ये जठराचा बायपास केला आणि 1967 मध्ये छापला. दुर्बिणीतून हाच बायपास केल्याचं विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी 1994 मध्ये छापलं, त्यामुळे पोटावरचा मोठा काप गेला आणि पेशंट तयार व्हायला लागले.

स्लीव्ह तर ठरवून शोधलेली पद्धतच नव्हे. ती ड्युओडेनल स्विच नावाच्या मोठ्या ऑपरेशनचा पहिला भाग. अतिवजनाच्या पेशंटला पूर्ण ऑपरेशन एकदम झेपत नाही म्हणून 2000 च्या सुमारास न्यूयॉर्कला मिशेल गॅन्ये यांच्या टीमने ते दोन टप्प्यांत करायला घेतलं, आणि दिसलं असं की बऱ्याच जणांचं वजन पहिल्याच टप्प्यात एवढं उतरलंय की दुसऱ्याची घाई राहिली नाही.

कसं करतात : स्लीव्हमध्ये तोंडातून बोटभर जाडीची नळी जठरात सोडतात, तिच्या कडेने स्टेपलर मारत वर जातात आणि बाहेरच्या बाजूचा जवळपास 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, राहतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद जठर. जो भाग जातो त्यातच भुकेचं घ्रेलिन हार्मोन जास्त तयार होतं (हे हार्मोन 1999 मध्ये जपानी संशोधकांना सापडलं), म्हणून नुसती जागा कमी होत नाही, सुरुवातीचे महिने भूकही मरते. रू-एन-वायमध्ये जठराची साधारण 30 मिलीची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, दोन जोड द्यावे लागतात. मिनीमध्ये लांब पिशवी आणि एकच जोड, वेळ कमी लागतो, पण पित्तरस उलटा वर येण्याची आणि प्रोटीन कमी पडण्याची भीती जास्त.

कोणी करावं, आकड्यांचा घोळ : 1991 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने रेघ आखली, बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 40, किंवा डायबेटिससारखा आजार असेल तर 35. ही रेघ गोऱ्या लोकांच्या शरीरावरून आली होती. आपलं शरीर वेगळं वागतं हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका फोटोने दाखवलं, ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये रेघ खाली आणली, आजार नसेल तर 37.5 आणि असेल तर 32.5. मग 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आणखी खाली येऊन आजार असो नसो 35, मेटाबॉलिक आजार असेल तर 30 पासून विचार करा असं सांगितलं, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच ऑपरेशनचा पर्याय ठेवला. इन्शुरन्समध्ये मात्र आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमात अजून 40 आणि 35 हेच आकडे, तेही अठरा वर्षं पूर्ण आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असतील तरच. म्हणजे बीएमआय 34, डायबेटिस आटोक्यात नाही, डॉक्टर म्हणतात करा, आणि क्लेम नाकारला जातो. यात भरडला जातो तो पगारदार माणूस, आणि हे कलम बदलायला हवं असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

निर्णय घेताना आकड्याइतकंच बाकीचं बघावं लागतं. आधी एंडोस्कोपी होते, कारण जोराची अ‍ॅसिडिटी किंवा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, तिथे बायपास बरा. सिगरेट सोडावी लागते. लिव्हर चरबीने सुजलेलं असतं ते जठरावर आडवं येतं, म्हणून आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रोटीनचा आहार देतात, वरकरणी साधी वाटणारी ही अट सर्जनचं काम खरंच सोपं करते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट पेशंटला नापास करायला नसते, ताण आला की खाणं, दारू, डिप्रेशन हे आधी उघड झालेलं चांगलं. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून ‘आधी इंजेक्शन घेऊन बघू’ हा तिसरा रस्ता निघालाय, बऱ्याच जणांना तो पुरेलही, पण बंद केल्यावर वजन बहुतेकांचं परत येतं आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो. ‘तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापलं’ असं नातेवाईक म्हणतात ते मात्र चूकच. वजन घटवलं की शरीर भूक वाढवून आणि कॅलरींचा खर्च कमी करून ते परत ओढून आणतं, वर्षानुवर्षं डाएट केलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको.

ऑपरेशननंतर : दुर्बिणीतून केलं तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, कारण पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा मोठा धोका. दुसरा धोका स्टेपलची रेघ गळण्याचा, नाडी सतत 120 च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं असं झालं तर गॅस म्हणून ओवा-हिंग देत घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. अनुभवी हातात महिन्याभरातले मृत्यू हजारात एक ते तीन असे धरतात, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास.

खाण्याचे टप्पे ठरलेले असतात. पहिले दिवस औषधाच्या 30 मिलीच्या कपातून घोट घोट, मुगाचं निवळ पाणी, शहाळं, पातळ ताक, एक कप संपायला पंधरा मिनिटं. मग दूध, प्रोटीन पावडर, गाळलेलं वरण, मग मऊ भात-वरण, कुस्करलेलं पनीर किंवा अंडं, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, तेही वाटीभर. पोळी आणि चिकट भात बराच काळ अडकतो, भाकरी चावून खाल्ली तर काहींना आधी चालते. जेवताना पाणी नाही, अर्धा तास मागेपुढे. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि शाकाहारी माणसाला वाटीभर जेवणात ते बसवणं अवघड जातं, म्हणून ताटात पहिला मान डाळ, उसळ, पनीरचा, पोळी शेवटी. उपासाची साबुदाणा खिचडी इथे अजिबात बसत नाही. लग्नाच्या पंगतीतला आग्रह हा खरा त्रास, यजमानांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण एक घास जास्त झाला की छातीत गच्च होऊन उलटीच होते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बायका यालाच सर्वांत घाबरतात, पण बहुतेकांचे परत येतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून काही महिने गोळी देतात. दिवाळीचा फराळ, गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, चक्कर येते, बायपासवाल्यांना जास्त, त्याला डंपिंग म्हणतात. दारू पटकन चढते. बाईला बारा ते अठरा महिने तरी दिवस जाऊ देऊ नयेत. सतत उलट्या होत असतील तर सलाइनच्या ग्लुकोजआधी थायमिन, म्हणजे बी-1, द्यायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होते, हे गावातल्या डॉक्टरांनाही माहीत असणं फार गरजेचं आहे.

दीर्घकाळाचं : सगळ्यांत भक्कम माहिती स्वीडनच्या एसओएस या लठ्ठ पेशंटांवरच्या अभ्यासाची, तो 1987 ला सुरू झाला. 2007 ला त्यांनी छापलं की सरासरी जवळपास 11 वर्षांत ऑपरेशनवाल्यांतले मृत्यू 29 टक्क्यांनी कमी, आणि 2020 ला आयुष्य सुमारे तीन वर्षांनी जास्त. तरीही ते सर्वसाधारण लोकांपेक्षा कमीच राहिलं, म्हणजे फार उशिरा केलं तर सगळं भरून येत नाही. यातली बरीच ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती हे मात्र ध्यानात ठेवावं. डायबेटिस अनेकांचा आटोक्यात येतो, जुना आणि इन्सुलिनवरचा असेल तर तेवढा नाही, आणि काहींचा वर्षांनी परत येतो. वजनही दोन वर्षांनी थोडं चढतं. बी-12, आयर्न, डी, कॅल्शियम जन्मभर घ्यायचं आणि वर्षातून एकदा रक्त तपासायचं. बायपास झालेल्याने डिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या टाळायच्या, जोडावर अल्सर होतो, त्यामुळे दात काढायला गेलं तरी ऑपरेशनचा कागद सोबत न्यायचा.