बास बोटीचं अर्धं आयुष्य रस्त्यावर

डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी घरांना हे दृश्य नवं नाही. शेजाऱ्याच्या गॅरेजसमोर ट्रेलरवर एक लांबट, बसकी होडी उभी असते, बास मासे पकडायची बास बोट. रंगात चमकी मिसळलेली, त्यामुळे उन्हात डोळे दिपतात. छप्पर नाही, केबिन नाही, धड कठडाही नाही. आत गालिचा अंथरलेला, पुढेमागे ओट्यासारख्या दोन सपाट जागा, मागे अवाढव्य इंजिन आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आडवी निजवलेली आणखी एक छोटी मोटर. समुद्र तिथून चार-पाच तासांवर. मग एवढी होडी कशाला, असा प्रश्न नव्या पाहुण्याला पडतोच.

उत्तर धरणांत आहे. १९३०च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं अमेरिकेच्या दक्षिण भागात पूरनियंत्रण आणि विजेसाठी धरणांचा सपाटा लागला. आर्कान्सातलं बुल शोल्स, टेक्सासातलं सॅम रेबर्न, टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवरचं टोलेडो बेंड. पुष्कळ ठिकाणी जंगल न तोडताच पाणी चढू दिलं. बुडालेली झाडं, खोडं, झुडपं म्हणजे लार्जमाउथ बास या माशाचं घरच. हा मासा आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून जाणाऱ्या सावजावर झेपावतो. तो हवा असेल तर गळ त्या खोडांच्या मधोमध, अगदी नेमका टाकावा लागतो. त्यासाठी होडी उथळ पाण्यात शिरली पाहिजे, आवाज न करता जागेवर थांबली पाहिजे आणि माणसाला तिच्यात उभं राहता आलं पाहिजे. साधी वल्ह्याची होडी यातलं थोडंफार करते, पण वारा सुटला की तिचं काही चालत नाही.

टेक्सासमधल्या मार्शलच्या होम्स थर्मंड यांनी १९४८मध्ये यावर उपाय काढला. त्यांची होडी लाकडी, अरुंद, टोकदार नाळेची, सपाट तळाची आणि पाण्याला चिकटून चालणारी. लांबून डासासारखी दिसते म्हणून नाव पडलं ‘स्कीटर’. आजच्या डोळ्यांना ती कायाकसारखी वाटेल, पण बास बोटीची वंशावळ तिच्यापासूनच मोजतात.

नाळेवरच्या त्या छोट्या मोटरची कहाणी स्वतंत्र आहे. होडी हळूहळू सरकवणारी, विजेवर चालणारी ट्रोलिंग मोटर १९३४पासून मिनकोटा या नावाने विकली जात होती. पण ती हाताने वळवावी लागे, आणि मासेमाराचे हात तर गळाच्या काठीत गुंतलेले. मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या जी. एच. हॅरिस यांनी १९५१मध्ये नाळेवर बसणारी आणि पायाने वळवता येणारी मोटर आणली. बास बोटीच्या इतिहासातला सर्वात मोठा शोध मला हाच वाटतो. मोठ्या इंजिनाचं कौतुक सगळे करतात, पण मासा लागतो तो ही बिनआवाजी मोटर पायाखाली असताना. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉरन्स कंपनीचा ध्वनिलहरींनी वेध घेणारा ‘सोनार’ यंत्राचा खोकाही आला आणि पाण्याखाली काय आहे ते ‘दिसू’ लागलं.

इथपर्यंत हा गावोगावच्या हौशी लोकांचा मामला होता. त्याचा धंदा केला तो अलाबामातल्या एका विमा एजंटाने. रे स्कॉट यांनी जून १९६७मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. शंभर डॉलर भरून १०६ जण उतरले, तेरा राज्यांतून. पुढच्या वर्षी त्यांनी बास मासेमारांची संघटना काढली आणि स्पर्धांची मालिकाच सुरू झाली. आता होडीकडून वेगळ्याच अपेक्षा होऊ लागल्या. सकाळी सगळ्यांना एकाच ठिकाणाहून सोडायचं आणि ठरलेल्या वेळेत परत यायचं. उशीर झाला की पकडलेल्या माशांच्या वजनातून काही कापलं जायचं. चांगली जागा तीस मैलांवर असेल तर तिथे जो आधी पोचेल, ती त्याची. आणि स्पर्धा आज एका राज्यात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. होडी पाण्यात जितकी चालते त्याहून जास्त गाडीमागे चालू लागली.

त्याच १९६८ साली आर्कान्सातल्या फ्लिपिन या छोट्या गावात फॉरेस्ट वुड आणि त्यांच्या पत्नी नीना यांनी रेंजर बोट्स सुरू केली. वुड स्वतः मासेमारांना नदीवर फिरवणारे गाइड. पहिल्या वर्षी होड्या झाल्या जेमतेम सहा. १९७१च्या मे महिन्यात कारखाना जळाला, तेव्हा वुड आत धावले आणि ऑर्डरींची बॅग घेऊन बाहेर आले. चाळीस दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. यंत्रं गेली तरी चालतील, गिऱ्हाइकांची यादी जाता कामा नये, हे त्यांना ऐन आगीत सुचलं.

१९७२मध्ये स्कॉट यांनी मासे जिवंत परत सोडण्याची मोहीम हाती घेतली. मेलेल्या माशांच्या माळा मिरवल्या तर लोक स्पर्धांवरच उठतील, हे त्यांनी ओळखलं होतं. एव्हाना होडीत पाण्याच्या टाक्या आल्या होत्याच, आता त्यांच्याशिवाय होडी विकणं अवघड झालं. पंपाने सतत ताजं, हवेशीर पाणी खेळतं ठेवणाऱ्या या टाकीला लाइव्हवेल म्हणतात. १९७६मध्ये मर्क्युरी कंपनीचं सहा सिलिंडरांचं व्ही-६ इंजिन आलं आणि वेग सुसाट वाढला. आज २५० हॉर्सपॉवरची होडी ताशी शंभर किलोमीटर सहज ओलांडते. कठडा नसलेल्या होडीतून चालवणारा उडून पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून कमरेला अडकवायची दोरी स्कॉट यांच्या स्पर्धांत फार पूर्वीपासून सक्तीची आहे. देशभर अशा छोट्या होड्यांना तिची सक्ती झाली ती थेट १ एप्रिल २०२१ला.

आता ट्रेलर. पूर्वी होडी एका दुकानातून, इंजिन दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या. मग कोणीतरी ते एकमेकांना बसवायचं, वायरी ओढायच्या, बॅटऱ्या मांडायच्या. यालाच रिगिंग म्हणतात. इंजिन मागच्या फळीवर इंचभर खाली बसलं तरी वेग मार खातो. मिसूरीतल्या जॉनी मॉरिस यांनी १९७८मध्ये बास ट्रॅकर ही ॲल्युमिनियमची होडी इंजिन आणि ट्रेलरसकट एकाच किमतीत, २,९९५ डॉलरला विकायला काढली. गिऱ्हाइकाने पैसे भरायचे, हूक अडकवायचा आणि निघायचं. कारखान्यातल्या कामगाराला परवडेल अशी बास बोट इथून आली.

तेव्हापासून ट्रेलर हा होडीचाच अवयव झाला, आणि उलट तो होडीचा आकारही ठरवतो. बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद काही ओढता येत नाही. म्हणून बास बोट लांबीला एकवीस फुटांवर गेली तरी रुंदीला आठ फुटांच्या आसपासच थबकते. अनेक ट्रेलरांची पुढची दांडी बिजागरीवर वळते. ती वळवली नाही तर गॅरेजचा दरवाजा लागत नाही.

जुने मालक इंजिनापेक्षा चाकांच्या बेअरिंगची काळजी जास्त करतात, त्यालाही कारण आहे. तासभर हायवेवर पळून हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते, सील थोडं जरी झिजलेलं असेल तरी पाणी आत ओढलं जातं, ग्रीस दुधासारखं पांढरं पडतं आणि काही महिन्यांनी बेअरिंग भर रस्त्यात जाम होतं. म्हणून स्प्रिंगच्या दाबाने ग्रीस भरलेलं ठेवणाऱ्या टोप्या निघाल्या. म्हणूनच रॅम्पवर, म्हणजे होडी पाण्यात सोडायच्या उतारावर, पोचल्यावर काही जण मुद्दाम दहा मिनिटं चहाकॉफी घेत थांबतात. हब निवतो, आणि तेवढ्यात पट्टे सोडून होतात, लाइव्हवेलचे पंप तपासून होतात. मग होडीच्या मागे वाकून साचलेलं पाणी काढायच्या तळाच्या भोकात बूच बसवायचं. ते विसरलेला एक तरी जण दर शनिवारी रॅम्पवर सापडतो. होडी ट्रेलरवरून झोकात तरंगते, मालक गाडी लावायला जातो, आणि परत येऊन पाहतो तर गालिचा ओला.