फाळक्यापाशी अडणारा घोडा

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाबातून मारवाडी, काठियावाडी, नुकरा घोडे शेकडो किलोमीटरचा प्रवास करून ट्रकने येतात. विकले गेले की नव्या मालकाबरोबर पुन्हा दुसऱ्या गाडीत चढतात. खरेदी करताना दात बघतात, अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, रेवाल म्हणजे झपझप पण न हिंदकळणारी चाल बघतात. घोडा गाडीत कसा चढतो, हे मात्र क्वचितच कुणी बघतं. ते कळतं सौदा झाल्यावर, ट्रकचा फाळका खाली पडतो आणि घोडा फळीपाशी अडतो तेव्हा.

अडलेल्या घोड्याकडे नीट बघावं. पुढचे पाय फळीच्या कडेशी रोवलेले, वजन मागच्या पायांवर, मान उंच, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्याच्या वर कातडीला सुरकुती. एक कान ट्रकच्या हौद्यातल्या अंधाराकडे, दुसरा मागच्या माणसांकडे. मग पुढून एक जण मोहरकीची, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी ओढतो, मागून दोघे पुठ्ठ्याखाली, म्हणजे ढुंगणाखाली दोरखंड लावतात, तिसरा चाबूक वाजवतो आणि भोवती जमलेले दहा जण दहा सूचना करतात. बहुतेक घोडे अखेर चढतात, त्यामुळे ही पद्धत बरोबरच आहे असं सगळ्यांना वाटतं. माझं म्हणणं असं आहे की पुढच्या वेळी अडणारा घोडा याच दहा मिनिटांत तयार होतो. त्याला हट्टी म्हणून आपण मोकळे होतो, पण त्या क्षणी तो करतो ते त्याच्या शरीराच्या हिशोबाने अगदी शहाणपणाचं असतं.

घोड्याची जात उघड्या माळावर, कळपात वाढलेली. धोका दिसला की पळायचं, विचार नंतर. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ते थेट पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं, नाकाखालचं. दोन्ही डोळ्यांनी मिळून जे दिसतं ते नाकाच्या रेषेत, खालच्या बाजूला. त्यामुळे फळी नीट न्याहाळायची तर त्याला मान खाली घालावी लागते. आपण दोरी आखडून मान वर ओढतो आणि ज्या फळीवर पाय ठेवायला सांगतो, नेमकी तीच त्याला दिसेनाशी करतो.

अंधाराचंही तसंच. घोड्याला रात्री आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण भर उन्हातून काळोखात आल्यावर त्याच्या डोळ्याला सरावायला वेळ लागतो. दुपारच्या उजेडात ताडपत्री टाकलेला हौदा त्याला काळी गुहाच वाटत असणार. पुढची ताडपत्री दुमडली, आत दिवा लावला, गाडीचं तोंड उन्हाच्या अंदाजाने फिरवलं, तरी काम बरंच सोपं होतं. मग येतो आवाज. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला ३३,००० च्या आसपास. लोखंडी साखळी, कडी, फाळक्याचा खणखणाट त्याच्या कानांना किती टोचत असेल याचा यावरून अंदाज यावा. त्यात खुराखाली पोकळ वाजणारी, हलणारी फळी. पळणं हेच ज्याचं एकमेव शस्त्र, त्याला पायाखालची जमीन भरवशाची नसणं परवडत नाही. शिवाय दोन्ही कुशींना घासणाऱ्या भिंती, मागे बंद होणारं दार आणि बाहेर राहिलेला जोडीदार.

विश्रांतीत घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोके घेतं. घाबरला की ते काही सेकंदांत दुपटीच्या, तिपटीच्या पुढे जातं. हे काम ॲड्रेनलिनचं. मागोमाग काही मिनिटांत रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. पातळ लीद पुन्हा पुन्हा पडायला लागते, मानेला घाम फुटतो. या अवस्थेत नवीन काही शांतपणे शिकणं जवळपास अशक्य असतं. भीती मात्र फार पटकन शिकली जाते.

आता शिकण्याची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दोरीचा ताण बसला की घोडा तो टाळण्याचे मार्ग शोधतो, आणि ज्या हालचालीला ताण सुटतो ती हालचाल तो शिकतो. ताण शिकवत नाही, ताणाचं सुटणं शिकवतं. घोड्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणी दोरी सैल झाली, तर तो पुढे यायला शिकला. उलट तो मागच्या पायांवर उभा राहिला, धरणाऱ्याच्या हातून दोरी निसटली, सगळे मागे सरले आणि पाच मिनिटं बिडीकाडी झाली, तर त्याच घोड्याने शिकलं की फळीपाशी आलं की मागच्या पायांवर उभं राहायचं, म्हणजे सुटका होते. त्याला हे शिकवणारे आपणच असतो. वेळेचा हिशोबही इथे कडक आहे. सुटका किंवा बक्षीस त्या हालचालीला अगदी लागून यायला हवं. चार-पाच सेकंदांनी दोरी सैल केली, तर मधल्या वेळात त्याने केलेल्या भलत्याच गोष्टीला शाबासकी मिळते.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गाडीत चढायला अतिशय त्रास देणारे १२ घोडे घेऊन दोन पद्धती ताडून पाहिल्या. काही घोड्यांना दोरीचा ताण आणि त्याची सुटका या मार्गाने शिकवलं, काहींना योग्य हालचालीला खाऊ देऊन. २०११ साली हे काम प्रसिद्ध झालं. ठरवलेल्या १५ सत्रांच्या आत १० घोडे चढायला लागले. एक आजारी पडला, एकाला जमलं नाही. दोन्ही मार्गांनी घोडे शिकले, पण खाऊवाल्या गटात अस्वस्थतेची लक्षणं कमी दिसली आणि प्रत्येक सत्राला वेळही कमी लागला. त्याआधी, २००१ मध्ये, अमेरिकेत पाच घोड्यांना एका ठरावीक वस्तूला नाक लावायला शिकवून ती वस्तू हळूहळू गाडीत आत आत नेली गेली. नाकामागोमाग पाय आपोआप येत गेले.

डेन्मार्कमधलाच २००६ चा आणखी एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. २७ तरुण घोड्यांना एका पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय करायची होती. एका गटाला ती सरळ पूर्ण स्वरूपात दाखवली, एका गटाला खाण्याशी जोडून, आणि एका गटाला टप्प्याटप्प्याने, भीतीची पायरी न ओलांडता. टप्प्याटप्प्याच्या गटातले घोडे सगळ्यांत कमी बुजले, त्यांना सत्रं कमी लागली, आणि त्या गटातले सगळेच्या सगळे अखेर सरावले. बाकीच्या दोन गटांत काही घोडे शेवटपर्यंत सरावले नाहीत. ‘एकदा कोंडून घाला, आपोआप गप्प होईल’ या समजाला हे चांगलं उत्तर आहे. कोंडलेला घोडा हलायचा थांबतो, याचा अर्थ तो शांत झाला असा होत नाही.

प्रत्यक्षात काम कसं चालतं, ते सांगतो. बाजाराच्या, लग्नाच्या किंवा शर्यतीच्या दिवशी सुरुवात करू नये. निदान काही आठवडे हाताशी हवेत. आधी गाडी नसतेच. मोकळ्या जागेत, सैल दोरीवर, घोडा एका इशाऱ्यावर पुढे येतो का, थांबतो का, एक-एक पाऊल मागे जातो का, हे पक्कं करायचं. मागे जाणं शिकवायला लोक विसरतात, आणि मग उतरताना पंचाईत होते. नंतर जाड फळी जमिनीवर सपाट टाकायची. घोड्याला वास घेऊ द्यावा, फुरफुरू द्यावं, पायाने खरडायचं असेल तर खरडू द्यावं. एक खूर फळीवर आला की लगेच दोरी सैल, मूठभर भिजवलेला हरभरा, आणि खूर मागे घ्यायचीही मुभा. आपल्याला मागे जाता येतं हे कळलेला घोडा पुढे यायला कमी घाबरतो. हे उलटं वाटतं, पण काही दिवस करून पाहिलं की पटतं.

मग तीच फळी थोडी उचललेली, मग दोन फळ्या आणि बाजूला गवताच्या पेंढ्यांची भिंत, मग उभी, इंजिन बंद असलेली गाडी. हौद्यात पेंढा पसरावा, म्हणजे पायाखालचा पोकळ आवाज मरतो आणि खूर घसरत नाही. दोन पाय आत, बाहेर. चार पाय आत, बाहेर. आत उभा राहून चारा खाणं. मग मागचा आडवा बांबू लागणं, मग फाळक्याचा आवाज, मग इंजिन, मग गावाभोवती एक छोटी फेरी आणि परत आपल्याच तबेल्यात. प्रत्येक पायरीवर मान खाली आली, ओठ सैल पडले, चारा चावू लागला, तरच पुढची पायरी. जीव रमत नसेल तर एक पायरी मागे. हरभऱ्याबद्दल एक सूचना: तो काम झाल्यावर द्यायचा. हरभऱ्याची पाटी पुढे दाखवत आत ओढून नेलं आणि पाठीमागे फाळका आदळला, तर घोडा पुढच्या वेळी पाटीलाही बुजतो.

भीती पुसली जात नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. पावलॉव्हच्या कुत्र्यांपासून हे माहीत आहे: मावळलेली प्रतिक्रिया काही काळाने किंवा नव्या जागी पुन्हा डोकं वर काढते. जुन्या आठवणीवर नवी आठवण बसते, एवढंच. म्हणून आपल्या अंगणात आपल्याच पिकअपमध्ये चढणारा घोडा सारंगखेड्याच्या गर्दीत परक्या ट्रकपाशी अडू शकतो. सराव दोन-तीन वेगवेगळ्या गाड्यांत आणि जागी झाला तर हा धोका कमी होतो.

सोबतीचा उपयोग मोठा. सरावलेला शांत घोडा शेजारी असेल तर नवखा घोडा भीतीच्या वस्तूपुढे कमी बुजतो आणि त्याचे ठोकेही कमी राहतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. एकट्याला न्यावं लागलं तर गाडीत न फुटणारा आरसा लावल्याने वेगळं पडल्याचा ताण कमी होतो, असं ब्रिटनमधल्या २००९ च्या अभ्यासात आढळलं. सगळ्यात सोपा विद्यार्थी म्हणजे आईमागे चढणारं शिंगरू. शर्यतीचे घोडे हंगामाप्रमाणे मुंबईच्या महालक्ष्मीहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला हलवले जातात. त्यांना गाडीची ओळख लहानपणीच करून द्यावी लागते. लग्नाच्या आणि बाजाराच्या घोड्यांनाही तोच न्याय लावायला काही अडचण नाही.

इतकं करूनही घोडा अडत असेल तर त्याला नव्हे, ड्रायव्हरला प्रश्न विचारावा. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. ब्रेक लागला की सगळं अंग पुढे जातं आणि सावरायला हात नाहीत. दांडी न धरता एसटीत उभं राहून घाट उतरण्यासारखं आहे ते, आणि तासन्‌तास. तट्टांवर झालेल्या मोजणीत चालत्या गाडीत नुसतं उभं राहायलाही साधारण चालण्याइतकी ऊर्जा लागते असं दिसलं. पाय फाकून उभं राहायला जागा हवी. फार घट्ट कप्पा केला तर घोडा पडणार नाही असं वाटतं, पण पाय रुंद करता न आल्यामुळे तो जास्तच धडपडतो. तोंड कुठे करून उभं करावं यावरही अभ्यास आहेत. १९९६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात गाडीच्या दिशेला पाठ करून उभ्या घोड्यांचे ठोके कमी राहिले आणि ते पुठ्ठा टेकून जास्त विसावले. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, आणि आपल्या ट्रकांत ही सोय सहसा नसतेही.

आपल्याकडे कायदा आहे आणि तो बराच शहाणा आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार घोड्याबरोबर पशुवैद्यकाचा दाखला लागतो, एका गाडीत चार ते सहाच घोडे आणि सोबत एक राखणदार, दोन जनावरांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू, समोरून येणाऱ्या रहदारीचा त्रास होऊ नये म्हणून तोंडं डावीकडे, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. महामार्गावर या वेगाने जाणारा घोड्यांचा ट्रक कुणी पाहिला असेल तर त्या ड्रायव्हरला माझा मनापासून नमस्कार. भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन टोचून चढवण्याची वाट मात्र धरू नये. गुंगीत तोल सांभाळता येत नाही, आणि अर्धवट जागा झालेला घोडा अचानक लाथ झाडतो. तो निर्णय पशुवैद्यकाचाच.

आणखी एक गोष्ट, जी शांत घोड्यालाही लागू आहे. गाडीत घोडा चावू नये, भांडू नये म्हणून त्याचं डोकं उंच आणि आखूड बांधतात. चरताना घोड्याची मान खाली असते आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव धूळ-जंतू घेऊन नाकावाटे बाहेर येतो. ऑस्ट्रेलियात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी घोड्यांची डोकी उंच बांधून ठेवली, तेव्हा ६ ते १२ तासांतच श्वासनलिकेत जंतू वाढू लागले. लांबच्या प्रवासानंतर होणाऱ्या न्यूमोनियाचं हे एक मोठं कारण. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात अरबस्तानातून आणि ऑस्ट्रेलियातून हजारो घोडे उतरत. समुद्रावर आठवडेच्या आठवडे उभे राहिलेले ते घोडे आठवले की आजच्या प्रवासातली एक थांबण्याची वेळ चुकवणं मला माफ करवत नाही. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवावी, पाणी दाखवावं, दोरी सोडून डोकं अर्धा तास खाली येऊ द्यावं. चारा ओलसर करून द्यावा, म्हणजे धूळ कमी उडते.

पोहोचल्यावर उतरवताना घाई करू नये. मागचा बांबू काढण्याआधी दोरी सोडली तर नीट, उलट केलं तर घोडा बांधलेला असताना मागे ढकलत सुटतो. आडवा बांबू असताना दोरी सोडावी, मग बांबू, मग एक-एक पाऊल मागे. खाली आल्यावर पाणी, जमिनीवर टाकलेलं गवत आणि मोकळी जागा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. प्रौढ घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं, चंदी (दाण्याचा खुराक) टाकून दिली किंवा खोकला सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलवावं आणि किती तासांचा प्रवास झाला होता, डोकं कसं बांधलं होतं, हेही सांगावं.