फितीलाही भुरळ पाडणारी गुहा

इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सला खरं तर कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर जायचं होतं. पण जहाजावर आपल्या गोतावळ्याला पुरेशी जागा मिळेना म्हणून त्याचं बिनसलं. माणसं तर नेमून झाली होती. मग 1772 साली तोच लवाजमा घेऊन स्वारी आइसलँडकडे निघाली. वाटेत, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका गृहस्थाने सांगितलं की जवळच्या स्टाफा बेटावर खांबच खांब आहेत.

फोटो काढायची सोय यायला अजून साठ-सत्तर वर्षं होती. म्हणून बरोबर तीन चित्रकार होते: जॉन क्लीव्हली आणि जेम्स व जॉन फ्रेडरिक हे मिलर बंधू. क्लीव्हलीचं घर डेप्टफर्डच्या जहाजगोदीतलं, वडीलही जहाजांची चित्रं काढणारे. फळीला फळी कशी बसते हे लहानपणापासून पाहिलेल्या अशा माणसासमोर एकाला एक चिकटून उभे असलेले दगडी खांब आले.

या सफरीतल्या जलरंगांवरून पुढे छापील चित्रं झाली आणि युरोपने स्टाफावरची फिंगलची गुहा पहिल्यांदा पाहिली ती त्यांतून. छापील चित्रातले खांब मात्र फारच शिस्तीत उभे आहेत, गवंड्याने ओळंबा लावून रचल्यासारखे. प्रत्यक्षात कुणाला पाच बाजू, कुणाला सहा, कुणाला सात. बेटावर एके ठिकाणी तर ते जहाजाच्या बरगड्यांसारखे वाकलेत. चित्रकारालाच कशाला दोष द्यायचा? बँक्सने फीत लावून गुहेच्या तोंडाच्या कमानीची उंची 117 फूट 6 इंच लिहिली, म्हणजे 35 मीटरच्या वर. आज ती समुद्रापासून साधारण 20 ते 22 मीटर धरतात. माणसांनी बांधलेली कॅथीड्रलं यापुढे खेळणी वाटतात, असंही त्यानेच लिहून ठेवलंय.

नावाचीही गंमत आहे. बँक्सने वाटाड्याला विचारलं तेव्हा त्याला फिन मॅककूल या गेलिक वीराचं नाव ऐकू आलं, तोच इंग्रजीतला फिंगल. पण गेलिक भाषेत हिला ‘उआव्ह विन’, म्हणजे सुरेल गुहा, म्हणतात. लाट आत शिरली की घुमते, त्यावरून. परक्या कानाने ‘विन’चा ‘फिन’ केला असणं अगदी शक्य आहे.

हे खांब आले कुठून, यावर तेव्हा पंडितांत जुंपली होती. एक पक्ष म्हणे, बेसॉल्ट, म्हणजे खांबांचा हा काळा दगड, समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झाला. दुसरा म्हणे, ही थिजलेली लाव्हाच. फ्रान्समध्ये निकोला देमारे या भूवैज्ञानिकाने असे खांब थेट जुन्या ज्वालामुखींच्या लाव्हापर्यंत माग काढून दाखवले होते. शेवटी दुसरा पक्षच बरोबर ठरला.

सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचा जाड थर साचला. तो वरून आणि खालून निवत गेला. निवताना दगड आकसतो, पण बाजूला सरकायला जागा नसते. मग ताण साचतो आणि तडा जातो. तीन तडे एका बिंदूपाशी साधारण 120 अंशांनी भेटले की ताण सर्वांत सोयीने मोकळा होतो, म्हणून षटकोनांकडे कल. थंडावा आत सरकतो तसा तडाही आत सरकतो आणि खांब लांबत जातो. हे सुरू होतं तेव्हा दगड 840 ते 890 अंश सेल्सिअस तापलेला असतो, असं 2018 साली प्रयोगशाळेत दिसलं. सावकाश निवलं तर खांब जाड, झटपट निवलं तर बारीक. नंतर याच तड्यांत लाटा घुसल्या, खांब निखळत गेले आणि गुहा कोरली गेली.

आपला काळा कातळही असाच थिजलेला, स्टाफापेक्षा काही दशलक्ष वर्षांनी जुना. मुंबईत अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. वर गावदेवीचं देऊळ, चहूबाजूंनी इमारती आणि मध्ये सुमारे 60 मीटर उंचीचे उभे खांब. पायऱ्या चढण्याआधी जरा खाली थांबून कड्याकडे बघा.

तेही जमत नसेल तर कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारखं घेऊन काचेच्या पेल्यात कालवा आणि वर टेबल-लॅम्प लावून ठेवा. आधी वरवर रुंद भेगा पडतील. त्या फसव्या. पूर्ण वाळल्यावर वडी फोडलीत की आत काही मिलिमीटर जाडीचे उभे खांब सापडतील. दिवा बंद करायची घाई नको, चार-पाच दिवस सहज जातात.