रोवणीच्या दिवसांत फेरपरीक्षा: नागपूर बोर्ड तळाला राहतं त्यामागची गोष्ट

दहावीचा निकाल लागला की एक बातमी ठरलेली असते, कोकण पहिला आणि नागपूर शेवटला. २०२३ ला राज्याचा निकाल ९३.८३ टक्के, आपला ९२.०५. २०२४ ला राज्य ९५.८१, आपण ९४.७३. २०२५ ला राज्य ९४.१० आणि आपण थेट ९०.७८. तिन्ही वर्षी नऊ विभागांत तळाला आपणच. मग दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, पोट्टे मोबाईलमध्ये घुसलेत, मास्तर शिकवत नाहीत, वगैरे. तिसऱ्या दिवशी सगळे अकरावीच्या अ‍ॅडमिशनला लागतात आणि ज्याची दांडी गुल झाली तो पोट्टा कुठं गेला हे विचारायला कोणी नसतं. मी चार-पाच वर्षं पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत संध्याकाळी अशाच पोरांना गणित शिकवायचो, म्हणून हा विषय डोक्यातून जात नाही. तर हे सगळं इथवर कसं आलं ते जरा मागं जाऊन बघू.

नापास होण्याची परंपरा आपल्याकडं जुनीच आहे. नागपूर युनिव्हर्सिटी १९२३ ला निघाली, त्याआधी इथली पोरं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद युनिव्हर्सिटीच्या परीक्षा द्यायची, म्हणजे पेपर काढणारा कुठला आणि लिहिणारा कुठला. तेव्हा मॅट्रिकपर्यंत पोचणंच मोठी गोष्ट होती, 'मॅट्रिक फेल' हीसुद्धा एक डिग्री समजली जायची आणि लोक ती सांगायचे पण. आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. १९६५ च्या कायद्यानं १ जानेवारी १९६६ ला राज्य बोर्ड आलं. आज नागपूर विभागात सहा जिल्हे येतात: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. हे सहा जिल्हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागतील.

मग कोठारी आयोगाचा दहा अधिक दोनचा पॅटर्न आला. आधी अकरावी मॅट्रिक होती, १९७५ ला पहिली दहावीची परीक्षा झाली, त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी दोन्ही बॅचा एकदम बाहेर पडल्या. आमचे बाबा त्या गर्दीतले. निकाल पेपरात यायचा, नुसते सीट नंबर बारीक अक्षरात, आणि बाबा सांगतात की शेजारच्या काकांनी त्यांच्या मित्राचा नंबर तीनदा बोट फिरवून शोधला, मागच्या पानावर पण बघितला, मग पेपराची घडी घालून काहीच न बोलता घरात गेले. तो मित्र पुढं मिलमध्ये लागला. हे महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा नापास झालेल्याला लागायला जागा होती, एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, मॉडेल मिल होती. दहावी गेली तर बाप मिलमध्ये चिकटवून द्यायचा. मिला बंद पडल्या आणि नापास पोराला कोण घेणार हा प्रश्न राहिला, आज आयटीआयमध्ये वेल्डरसारखा आठवी पासवाला ट्रेड मिळाला तर मिळाला, नाहीतर पुड्या भरा, मंडप लावा, डिलिव्हरी करा (ती पण लायसन निघेल तेव्हा).

त्यानंतर सरकारनं काहीच केलं नाही असं नाही, खूप केलं, पण बहुतेक सगळं परीक्षेच्या कागदावर केलं. ऑक्टोबरची परीक्षा होतीच. दोन विषय राहिले तरी अकरावीला बसता यावं म्हणून एटीकेटी आली. गणित जमत नाही त्यांच्यासाठी सामान्य गणित आलं. शाळेतून वीस मार्काची तोंडी आली. २०१० ला बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, म्हणजे सहा विषयांतल्या चांगल्या पाचांचेच मार्क धरायचे, हायकोर्टानं रद्द केलं, सुप्रीम कोर्टानं परत चालू केलं, ते भांडण मुळात मुंबईच्या अकरावी प्रवेशाचं होतं, त्याचा गडचिरोलीच्या पोराशी काय संबंध ते मला अजून कोणी समजावलेलं नाही. २०१६ च्या सुमारास गुणपत्रिकेवरून 'अनुत्तीर्ण' काढून 'कौशल्य विकासास पात्र' लिहायचं ठरलं. हेतू चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडच्या एका आईनं तो शेरा वाचून मला विचारलं, "सर, म्हणजे पास झाला का हो?" आता काय सांगणार.

आणि मग २०१९. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून टाकले, नवा अभ्यासक्रम, सामान्य गणित पण गेलेलं. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आपटला आणि नागपूरचा ६७.२७. म्हणजे तीनातला एक पोट्टा नापास! एका वर्षात पोरं एवढी ढ झाली का? नाही ना. ती तेवढीच कच्ची होती, आधी वीस मार्काचं पांघरूण होतं, ते ओढलं आणि पाय उघडे पडले. उपाय काय केला तर पांघरूण परत घातलं, त्याच वर्षी वीस मार्क परत आले. पुढं २०२० ला कोरोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि निकाल ९५.३०, २०२१ ला परीक्षाच नाही आणि निकाल ९९.९५. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, माझं म्हणणं तुमच्या लक्षात येईल. निकाल वर-खाली होतो तो पेपर कसा घेतला त्यावर, पोराला किती आलं त्यावर नाही.

आता नववीचं बघू, खरी गाळणी तिथं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आठवीपर्यंत कोणाला मागं ठेवायचं नाही. मला हा नियम आवडतो, सात वर्षाच्या पोराला नापास करून काय मिळणार. पण त्याच कायद्यात सतत मूल्यमापन करून मागं पडलेल्याला हात द्यायचा होता, ते अर्धं कागदावर राहिलं, आणि कायद्याचं संरक्षण चौदाव्या वर्षी, आठवीला संपतं. मग नववीत पहिल्यांदा कळतं की पोराला अपूर्णांकाची बेरीज येत नाही. शाळेला दहावीच्या शंभर टक्क्याचं बॅनर लावायचं असतं, त्यामुळं कच्चं पोरगं नववीतच अडवतात. माझ्याकडं येणाऱ्या एका मुलाच्या बापाला शाळेत बोलवून गोड बोलून टीसी काढायला लावली, "सतरा नंबर फॉर्म भरा, बाहेरून बसवा, आम्ही मदत करू." मदत कसली, त्यानंतर कोणी फोन उचलला नाही. शाळेचं नाव घेत नाही, असं करणारी ती एकटी पण नाही. तो बाहेरून बसला, दहावीत नापास झाला, पण त्या शाळेच्या निकालात त्याचं नाव नाही, समजलं ना गणित? आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडं २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला परत परीक्षा आली आहे, पुनर्परीक्षेतही राहिला तर त्याच वर्गात. गाळणी एक पायरी खाली सरकली, एवढंच दिसतंय मला तरी.

टीसी काढायला लावलेला तो मुलगा गणितात २९ वर होता. त्याचा पेपर घेतला तर भूमितीच्या प्रत्येक प्रश्नाला त्यानं आकृती काढलेली, खाली 'पक्ष' लिहून प्रश्नातलंच वाक्य, 'साध्य' लिहून दुसरं वाक्य, 'सिद्धता' लिहून पुढं कोरं. कोणीतरी सांगितलं होतं की तेवढ्याचा एक मार्क मिळतो. वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ, पण उणे सात गुणिले उणे तीन आलं की पेन थांबायचा. आम्ही दोन महिने नुसतं चिन्हं आणि अपूर्णांक केलं, दहावीचं पुस्तक उघडलं पण नाही, त्याची आई म्हणायची सर कधी चालू करणार अभ्यास. ४१ आले. यात माझी काही हुशारी नाही, पाचवीचं पाचवीत कोणी बसून घेतलं असतं तर माझ्याकडं यायची वेळच आली नसती.

आता ते सहा जिल्हे. जानेवारी ते मार्च चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, म्हणजे ऐन दहावीच्या टायमाला घरात आजी आणि शिकणारं पोरगं, किंवा पोरगं पण सोबत. मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. आणि फेरपरीक्षा? आधी ती ऑक्टोबरात असायची, २०१५ पासून जुलैमध्ये आणली की वर्ष वाया जाऊ नये. निर्णय एकदम बरोबर, शहरातल्या पोरांना फायदाच झाला. पण जुलै म्हणजे पूर्व विदर्भात रोवणी, भाताची लावणी. धानाच्या बांधीत चिखल तयार आहे, मजूर मिळत नाही, घरातले सगळे हात लागतात आणि त्याच दिवसांत इंग्रजीचा पेपर. २०२५ ला तर फेरपरीक्षा २४ जूनलाच सुरू झाली, तेव्हा विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळं नुकत्याच उघडत असतात, मास्तरला विचारायला जायचं तर कुठं. पुनर्परीक्षार्थींचा निकाल नियमितपेक्षा दरवर्षी बराच खाली असतो त्यात हे पण एक कारण आहे असं मला वाटतं.

मदतीच्या सोयी आहेत, उगाच नाही म्हणू नये. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फुकट आहे, एसटीचा पास आहे, मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या बस आहेत, आणि गावाकडं मुली टिकल्या त्यात त्या बसचा वाटा मोठा आहे. बोर्ड परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे नंबर देतं. एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, १९८९ पासून आहे, पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, पास झालेल्या दोन विषयांचे मार्क तिकडं नेता येतात. नोकरी करणाऱ्या पोरासाठी हा सगळ्यात सोयीचा रस्ता, पण आमच्या वस्तीत दहापैकी नऊ घरांना तो माहीतच नव्हता. आणि जागांची अडचण तर मुळीच नाही, नागपुरात अकरावीच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात.

भंडाऱ्यातल्या लाखांदूरकडची एक मुलगी इथं मावशीकडं राहून शिकायची, इंग्रजीत ३१ वर राहिली. फेरपरीक्षेचा फॉर्म भरला, हॉल तिकीट आलं, आणि पेपरच्या आदल्या दिवशी तिचा गावावरून फोन. मागं पावसाचा आवाज, बायका काहीतरी बोलत होत्या. म्हणाली, "सर, आमची बांधी उद्या आहे, दोनच बाया भेटल्या. मी मार्चले बसतो ना."