शाळेचं संयुक्त अनुदान: अर्ज नाही, पण कागद पुरे हवेत

समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिकेच्या शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानासाठी वेगळा अर्ज नसतो. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरलेला पट हाच अर्ज समजा. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्यापुढे एक लाख रुपये. ही कमाल मर्यादा. रक्कम बहुधा हप्त्यांनीच येते. किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

म्हणजे पट 100 की 101, यावर 25 हजारांचा फरक पडतो. दुसऱ्या गावाहून आलेलं मूल हजेरीत असतं, पण पोर्टलवर ‘ड्रॉपबॉक्स’मध्येच, म्हणजे जुनी शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीतच, राहिलेलं असतं. ते आपल्या शाळेत ओढून घेतल्याशिवाय मोजलं जात नाही. मुख्याध्यापकांनी आधी हे तपासावं.

दुसरा कागद शाळा विकास आराखडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार तो शाळा व्यवस्थापन समितीने करायचा. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आराखडा तीन वर्षांचा, वर्षवार फोड केलेला. गेल्या वर्षीचाच कागद तारीख बदलून पाठवण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि तिथेच खरं नुकसान होतं. ‘वर्गखोली दुरुस्ती’ एवढंच लिहिलं तर वरच्या टेबलावर कुणाला काय कळणार? ‘तिसरीच्या वर्गाचे सात पत्रे फुटले, पावसाळ्यात वर्ग व्हरांड्यात भरतो’ असं लिहून फोटो आणि अंदाजपत्रक जोडा. नवीन खोलीसारखं मोठं काम अनुदानात बसत नाही. ती मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात जावी लागते. पुढे ती राज्यात ही योजना राबवणाऱ्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि तिथून दिल्लीला केंद्र सरकारकडे जाते.

खर्चासाठी समितीचा ठराव, इतिवृत्तावर सह्या, दरपत्रकं, पक्की बिलं, कीर्द आणि साठा नोंदवही लागते. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. आता रोख पैसे हातात येत नाहीत, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर खर्चाची मर्यादा मिळते. 31 मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते, म्हणून दुकानदाराचा बँक तपशील प्रणालीवर आधीच नोंदवून ठेवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल हमखास रखडतं.