हात बसतो तेव्हा नेमकं काय बसतं?

सेकंदाला एक या गतीने कुणी आकडे वाचून दाखवले, तर आपल्यापैकी बहुतेकांना ओळीने सातेक लक्षात राहतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्यालाही ७च राहत होते. शोधनिबंधात त्याचा उल्लेख ‘एस. एफ.’ असा येतो. आठवड्यातले तीन ते पाच दिवस तो तासभर बसायचा, आकडे ऐकायचा आणि परत म्हणून दाखवायचा. वीस महिन्यांत, साधारण २३० तासांच्या सरावानंतर, तो ७९ आकडे ओळीने सांगू लागला.

गंमत पुढेच आहे. एस. एफ. धावपटू होता आणि शर्यतींच्या वेळा त्याच्या जिभेवर असायच्या. ३४९२ कानावर पडलं की त्याच्या डोक्यात ‘३ मिनिटं ४९.२ सेकंद’ उमटायचं, म्हणजे मैलभराच्या शर्यतीतल्या तेव्हाच्या विश्वविक्रमाच्या जवळपासची वेळ. ज्या आकड्यांची वेळ जमत नसे त्यांचं तो वय करायचा: ८९३ म्हणजे ८९.३ वर्षांचा म्हातारा. आधी तीन-चार आकड्यांचे गठ्ठे, मग त्या गठ्ठ्यांचे गठ्ठे. एकदा आकड्यांऐवजी त्याला अक्षरं वाचून दाखवली. किती लक्षात राहिली? सहाच्या आसपास! डोक्यातली जागा तसूभरही वाढली नव्हती. सामान रचायची तऱ्हा तेवढी त्याला सापडली होती, आणि तीही फक्त आकड्यांपुरती.

बुद्धिबळपटूंचं तेच. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पट पाच सेकंद दाखवून झाकला. खऱ्या डावातली स्थिती असली की पट्टीचा खेळाडू बरीचशी मोहरी जागच्या जागी मांडायचा, नवखा चार-पाचांवर अडायचा. मोहरी कशीही विखरून ठेवली, की पट्टीचा खेळाडूही नवख्याच्या पंगतीला.

एस. एफ.वरच्या प्रयोगातले एक संशोधक, अँडर्स एरिक्सन, पुढे १९९३ साली सहकाऱ्यांसोबत बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांकडे वळले. ‘पारंगत व्हायला दहा हजार तासांचा सराव लागतो’ म्हणतात ना, तो आकडा तिथूनच निघाला आणि सुटलाच. मुळात ती सरासरी होती, सर्वोत्तम गटाची, विसाव्या वर्षापर्यंतची. आणि विशीतली ती मुलं अजून शिकतच होती. नियम वगैरे नंतर लोकांनी केला. बुद्धिबळात मास्टर व्हायला एकाला सुमारे ३,००० तास पुरले, तर दुसऱ्याला २३,०००हून जास्त लागले, अशीही नोंद आहे. हा फरक निव्वळ चिकाटीचा म्हणणं मला पटत नाही. उपजत काहीतरी असतंच. पण ते किती, हे सराव न करता कुणालाच कळत नाही, ही खरी पंचाईत.

शिवाय तास भरले म्हणजे सराव झाला असंही नाही. मी वीस वर्षं रोज टंकलेखन करतो आणि ‘ज्ञ’ आला की नजर अजून कीबोर्डवर जाते. काम भागलं, की मेंदू सुधारणं थांबवतो. बर्लिनची मुलं मुख्यतः एकटी बसून नेमका अडणारा तुकडा घोटायची, साधारण तासा-दीड तासाने थांबायची आणि अव्वल मुलं तर दुपारीही झोप काढायची.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षं जातात. कॅथरिन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी २०११ साली ७९ उमेदवारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या मेंदूचित्रांत पुढे पास होणारे आणि नापास होणारे वेगळे ओळखू येत नव्हते. अखेरीस ३९ जण पास झाले आणि त्यांच्याच हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे जागांची आठवण सांभाळणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूला करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. हे लोक नापास झालेल्यांच्या जवळपास दुप्पट तास अभ्यास करत होते.

याच संशोधनातल्या स्मरणाच्या चाचण्यांत सगळ्यांना एक गुंतागुंतीची आकृती बघून काढायला दिली होती, आणि थोड्या वेळाने ती आठवून पुन्हा काढायला सांगितली. पास झालेल्यांना ती इतरांपेक्षा कमी आठवली.