एका अक्षराची चूक आणि माणसाचा मेंदू

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातलं ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं, आणि ते योग्यच होतं. कारण हा विषय शाळेत सुटला की एकच प्रश्न जन्मभर पुरतो: माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? उत्तर सोपं आहे. चिंपांझी आपला चुलतभाऊ आहे, आजोबा नव्हे. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एकाच घराच्या दोन शाखा झाल्या, आणि दोन्ही आजवर बदलत आल्या.

मला जास्त ओढ आहे ती पुढच्या प्रश्नाची. आपला मेंदू चिंपांझीच्या मेंदूच्या सुमारे तिप्पट आहे. एवढा मेंदू आला कुठून?

त्या उत्तराचा एक तुकडा २०१५ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत, वीलांड हुटनर यांच्या गटाला सापडला. त्याचं नाव ‘आर्हगॅप-११बी’. हे जनुक फक्त माणसाच्या शाखेत आहे. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी डीएनएची नक्कल होताना ‘११ए’ या जुन्या जनुकाचा काही भाग दोनदा उतरला. ही अर्धवट प्रत बराच काळ मूळ जनुकासारखंच काम करत राहिली असावी. मग तिच्यात एका ठिकाणी सायटोसिन या डीएनएच्या अक्षराच्या जागी ग्वानिन हे दुसरं अक्षर आलं. बदल एवढाच, एका अक्षराचा.

पण ते अक्षर मोक्याचं होतं. जनुकावरून आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची त्याची प्रत, तयार होतो तेव्हा त्यातले नको ते भाग कापून उरलेले जोडले जातात. नव्या अक्षरामुळे कात्री भलत्या जागी चालली आणि ५५ अक्षरं जास्तीची गळाली. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते, आणि ५५ला तीनने भाग जात नाही. ‘बदक कमळ गवत पतंग’ यातला ‘द’ काढा आणि तीन-तीन अक्षरांनी पुन्हा वाचा: ‘बकक मळग वतप तंग’. असं झालं की प्रथिन बहुधा वाया जातं. इथे मात्र त्याला ४७ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, अगदी नवी शेपटी मिळाली, आणि ती कामाची निघाली.

काम कसलं? गर्भात मेंदूचं बाहेरचं आवरण घडताना काही पूर्वज-पेशी विभागून चेतापेशी तयार करतात. उंदरात अशी पेशी बहुतेकदा एकदाच विभागते, दोन चेतापेशी देते आणि संपते. माणसात ती आधी स्वतःसारख्याच पेशी वाढवते, पुन्हा पुन्हा, आणि चेतापेशी नंतर घडवते. एकाचे दोन, दोनाचे चार. आर्हगॅप-११बीचं प्रथिन पेशीच्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात), म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, जाऊन बसतं आणि ग्लुटामिन जाळण्याचा वेग वाढवतं. भराभर विभागणाऱ्या पेशीला हेच इंधन लागतं. हे जनुक उंदराच्या गर्भात घातल्यावर पूर्वज-पेशी वाढल्या आणि एरवी गुळगुळीत असणाऱ्या काही मेंदूंवर घड्या पडल्या. २०१६ मध्ये त्याच गटाने ते एक अक्षर मागे फिरवून पाहिलं, तर हा परिणाम गेला. २०२० मध्ये जपानी वैज्ञानिकांबरोबर मार्मोसेट माकडाच्या गर्भात हे जनुक घातलं. आवरण मोठं झालं, घड्याही दिसल्या. त्या गर्भांना जन्म मात्र दिला नाही. नैतिकतेची ती रेषा त्यांनी पाळली, याचं मला फार मोल वाटतं.

एवढ्यावरून ‘बुद्धीचं जनुक सापडलं’ असे मथळे देऊ नयेत. परग्रहावरच्या कुणीतरी येऊन आपल्याला अक्कल दिली, हे सांगणारे व्हिडिओ तर सोडूनच द्या; नकलेतल्या चुकीने होणारं काम पाहुण्यांवर कशाला ढकलायचं? हेच जनुक निअँडरथल आणि डेनिसोव्हा या नामशेष झालेल्या मानवांकडेही होतं. म्हणजे आपण उरलो आणि ते संपले, याचं कारण इथे मिळत नाही. आणि मेंदूच्या वाढीला हात लावणारी इतरही जनुकं आहेत.

शिवाय वाढलेल्या पेशी पोसायला लागतात. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऊर्जा तोच खातो. ज्या आईच्या पोटी हे बदललेलं अक्षर पहिल्यांदा आलं, तिच्या लेकराला पोटभर मिळालं नसतं, तर मोठा मेंदू हे त्याच्यावरचं ओझंच ठरलं असतं. म्हणून मला वाटतं, या अक्षराची गोष्ट दगडाने हाडं फोडून मगज खाणाऱ्या आणि पुढे चुलीवर कंद भाजणाऱ्या हातांपासून वेगळी काढता येणार नाही.